लेकराच्या किडलेल्या दाढा: थोडं थोडं करून घ्यायचं का एकदाच भूल देऊन?

खुर्ची बघूनच जे लेकरू भोकाड पसरतं, त्याच्यासाठी हे दोन रस्ते. दुधाचेच दात हायेत, पडतील की, हा तिसरा रस्ता धरू नका, मागच्या दाढा 10-12 वर्षांपर्यंत तोंडात राहतात.

थोडं थोडं म्हणजे आधी नुसता आरसा हातात देणार, हवेचा फवारा लेकराच्या बोटावर मारून दाखवणार, मशीनचा आवाज ऐकवणार आणि मग कुठं तोंडात. एखाद-दुसरी दाढ असेल, ठणका नसेल अन् लेकराला सांगितलेलं कळत असेल तर माझं मत यालाच. भीती मोडते, हा खरा फायदा. पण जालना-परभणीहून संभाजीनगरला जायचं म्हणजे दरवेळी अख्खा दिवस मोडतो, सरकारी डेंटल कॉलेजात खर्च कमी पण रांगेत लेकरू आधीच किरकिरं होतं. आणि घरून निघताना आजीला सांगून ठेवा, "सुई टोचतेत बरं का" म्हणू नका म्हणून!

भूल देऊन करायचं तर सगळं एकाच दिवशी, पण ऑपरेशन थिएटर, भूलतज्ज्ञ, तपासण्या आल्या, खर्च बराच वाढतो. आधी 6 तास जेवण-दूध बंद, साधं पाणी 2 तास आधीपर्यंत चालतं. अगदी लहान लेकरू, तोंडभर किडलेले दात किंवा सूज असेल तर डॉक्टर हेच सुचवतात, तेव्हा उगं घाबरू नका, फक्त लहान मुलांचा भूलतज्ज्ञ आहे का ते आधी विचारा.