थांबायला सांगणारा दवाखाना

दातांच्या तारांबद्दल कुणाला विचारलं की गाडी लगेच प्रकारांवर जाते. धातूच्या घ्या, दाताच्या रंगाच्या घ्या, नाहीतर ते पारदर्शक साचे घ्या. आमच्या थोरलीचे उपचार नुकतेच संपलेत, धाकट्याचे अजून सुरूही झालेले नाहीत, आणि दोघांचा दवाखाना एकच. त्या अनुभवावरून माझं मत असं झालंय की तारेचा प्रकार हा या सगळ्यातला सगळ्यात शेवटचा प्रश्न आहे. दवाखान्याचं नाव देत नाही. हे काम वर्षानुवर्षं चालतं आणि दर महिना-दीड महिन्याला जावं लागतं, त्यामुळे तुम्हाला तुमच्या घराजवळचाच दवाखाना लागणार. तो निवडताना काय बघावं, तेवढं सांगतो.

पहिला सल्ला आम्ही दुसरीकडे घेतला होता. तिथे थोरलीला खुर्चीत बसवलं, तोंड उघडायला सांगितलं, आणि ती चूळ भरून येईपर्यंत आमच्यासमोर तारांच्या प्रकारांचा तक्ता ठेवला. एक्स-रे काढला नाही, माप घेतलं नाही. माझी नोकरी कारखान्यात गुणवत्ता तपासणीची. मोजल्याशिवाय दुरुस्ती सुचवणाऱ्या माणसाजवळ मी फार वेळ बसू शकत नाही. तक्ता परत दिला आणि निघालो.

आत्ताच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी पहिल्या भेटीत तारांचा विषयच काढला नाही. दोन एक्स-रे, चेहऱ्याचे आणि दातांचे फोटो, दातांचं स्कॅनिंग. दोन एक्स-रे कशाला, असं मी विचारलं, तेव्हा स्क्रीनवर दोन्ही शेजारी शेजारी लावून दाखवले. ओपीजी या पहिल्या एक्स-रेमध्ये दोन्ही जबडे एका पट्टीत दिसतात: हाडाच्या आत कुठला दात वाट बघतोय, कुठला मुळातच नाही, अक्कलदाढा कुठे आहेत. बाजूने काढलेल्या सेफॅलोग्राममध्ये कवटीच्या तुलनेत वरचा आणि खालचा जबडा कुठे आहे ते कळतं. दात पुढे आलेत की खालचा जबडाच मागे राहिलाय, हे नुसत्या डोळ्यांना नक्की सांगता येत नाही, आणि दोन्हींचे उपाय वेगळे. दाढा एकमेकींवर कशा बसतात त्यावरून तीन वर्ग पाडतात. ही पद्धत एडवर्ड अँगल या अमेरिकी डॉक्टरांनी 1899 मध्ये मांडली आणि आजही तीच वापरतात. आमची थोरली वर्ग दोनमध्ये, म्हणजे खालच्या दाढा वरच्यांच्या मानाने मागे. वरचे पटाशीचे दात खालच्यांपेक्षा 7 मिलिमीटर पुढे. मॅडमनी छोटी पट्टी लावून मोजलं आणि मला वाचायला दिली. तिथेच माझं मन बसलं, खोटं कशाला बोलू.

खरी गोष्ट मात्र त्या दातांची नव्हती. ओपीजीत वरचा डावा सुळा टाळूच्या बाजूला कललेला दिसला. सुळा हा दात फार वरून, नाकाच्या बाजूने खाली येतो, आणि साधारण अकरा-बाराव्या वर्षी बाहेर पडतो. दहाव्या वर्षाच्या आसपास हिरडीवर बोट फिरवलं तर त्याचा उंचवटा हाताला लागायला हवा. थोरलीच्या उजवीकडे लागत होता, डावीकडे नाही. असा सुळा आत अडकून राहिला तर पुढे हिरडी उघडून त्याला ओढून आणावं लागतं, आणि शेजारच्या दाताचं मूळ झिजण्याचा धोका असतो तो वेगळाच. मॅडम म्हणाल्या, "डावीकडचा दुधाचा सुळा काढू या. वेळेत काढला तर बऱ्याच मुलांत आतला दात आपली वाट बदलतो. सहा महिन्यांनी पुन्हा बघू. तोवर तारा नकोत."

म्हणजे दवाखान्याने स्वतःच्याच धंद्याला सहा महिने ब्रेक लावला. घरी आजीला हे पटलं नाही. "दात वाकडे आहेत ते आहेत, आणि हे चांगला दात काढून घरी पाठवतात," असं तिचं म्हणणं. पुढच्या एक्स-रेत सुळा सरळ उभा होता. शस्त्रक्रिया टळली. आजीने त्यावर काही म्हटलं नाही, पण पुढच्या वेळी स्वतः बरोबर आली.

मग ट्विन ब्लॉक. विल्यम क्लार्क या स्कॉटिश ऑर्थोडॉन्टिस्टने, म्हणजे वाकडे दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञाने, 1977 मध्ये काढलेलं हे उपकरण आहे. वर एक प्लेट, खाली एक प्लेट, आणि दोन्हींवर तिरके ठोकळे. तोंड मिटलं की ठोकळे एकमेकांवर घसरतात आणि खालचा जबडा पुढे घ्यावाच लागतो. हे मुलांच्या उंची वाढण्याच्या काळात द्यायचं असतं. तो काळ आलाय की नाही, हे त्याच सेफॅलोग्राममध्ये मानेच्या मणक्यांच्या आकारावरून बघितलं. मला आवडलेली गोष्ट अशी की मॅडमनी जबडा वाढवून देण्याचं वचन दिलं नाही. बराचसा फरक दात हलल्यामुळे पडतो, जबड्याचा वाटा त्यापेक्षा कमी, असं स्पष्ट सांगितलं. सुरुवातीला थोरली बोबडं बोलायची आणि लाळ सारखी गिळायची. हे दोन्ही आपोआप जातं, असं आधीच सांगितलेलं होतं, त्यामुळे रडारड झाली नाही. चिडचिड झाली.

आता तारा. धातूच्या घेतल्या. तार धरायला प्रत्येक दातावर जो छोटा तुकडा चिकटवतात तो ब्रॅकेट. सिरॅमिकचे ब्रॅकेट कमी दिसतात, पण ठिसूळ असतात, आणि खालच्या दातांवर लावले तर वरचे दात त्यांच्यावर घासून झिजू शकतात. पारदर्शक साचे 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून बाजारात आहेत आणि साध्या, थोड्या वेड्यावाकड्या दातांना चांगले चालतात. पण दिवसाचे वीस-बावीस तास घालावे लागतात आणि जेवताना काढावे लागतात. जी मुलगी पाण्याची बाटली रोज शाळेत विसरून येते, तिच्या हातात हे काम द्यायचं की नाही, हे मॅडमनी आमच्यावर सोडलं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि विषय संपला. थोरलीला यात स्वतःचा एकच निर्णय हवा होता: ब्रॅकेटवरच्या छोट्या रबरांचा रंग. दर भेटीला वेगळा.

सुरुवातीची तार निकेल-टायटॅनियमची असते. हा मिश्रधातू अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत सापडला आणि 1970 च्या दशकात दातांच्या कामात आला. बराच वाकवला तरी मूळ आकाराकडे हळूहळू परत जातो, आणि जाताना दातांना बरोबर नेतो. दात हलतो म्हणजे ज्या बाजूला दाब पडतो तिथलं हाड झिजतं आणि मागे नवीन तयार होतं. याचा वेग साधारण महिन्याला 1 मिलिमीटर. जास्त आवळलं तर जास्त वेगाने हलत नाही. उलट दाबाने तिथला रक्तपुरवठा थांबतो आणि दात काही काळ अडून बसतो. म्हणून 'आमच्या खास ब्रॅकेटने निम्म्या वेळात' अशी पाटी दिसली तर जरा सावध राहा. रबराशिवाय तार धरणाऱ्या ब्रॅकेटांवर बरंच संशोधन झालंय आणि त्यात वेळ वाचल्याचं दिसलेलं नाही. थोरलीचे पूर्ण उपचार, मधल्या थांबण्यासह, सुरुवातीच्या अंदाजापेक्षा थोडे लांबलेच. लांबतील हेही आधी सांगितलं होतं, त्यामुळे तक्रार नाही.

का लांबले ते सांगतो, कारण या दवाखान्याचं सगळ्यात मोठं कौतुक मला तिथेच वाटतं. वरच्या सुळ्यापासून खालच्या दाढेपर्यंत लावायची रबरं दिली होती. दिवसभर लावायची, रोज नवीन. पुढच्या भेटीत माप तिथल्या तिथेच. मॅडमनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, थेट तिला विचारलं.

"फक्त रात्री लावतेस का गं?"

"हो."

"दिवसा लाज वाटते?"

"लाज नाही. बोलता येत नाही नीट. मी वादविवाद स्पर्धेत आहे."

"बरं. मग शाळेतून आल्यापासून दुसऱ्या दिवशी शाळेत जाईपर्यंत, आणि सुट्टीच्या दिवशी पूर्ण वेळ. तारा जास्त दिवस राहतील. चालेल?"

"चालेल."

मी शेजारी बसून हे ऐकत होतो. घरी हाच प्रश्न मी विचारला असता तर उत्तरच आलं नसतं. त्यानंतर रबरं लागली. दात, तारा, कंटाळा आणि स्पर्धा सगळं तिचंच आहे. तेरा वर्षांच्या मुलीशी तिच्या वतीने बोलणाऱ्या आई-वडिलांना बाजूला ठेवून तिच्याशी बोलणारा डॉक्टर मिळाला तर ब्रॅकेट कुठल्या कंपनीचं आहे ते विचारू नका.

स्वच्छतेच्या बाबतीत मात्र त्या अजिबात सवलत देत नाहीत. एकदा हिरड्या सुजलेल्या दिसल्या तर पुढची तार बदललीच नाही. दातांवर रंगाचं द्रावण लावलं, मळ कुठे साचलाय ते आरशात दाखवलं, दोन दातांमधल्या बारीक ब्रशने तिच्याकडूनच साफ करून घेतलं आणि परत पाठवलं. तेव्हा मला फेरी फुकट गेल्यासारखं वाटलं. पण ब्रॅकेटच्या कडेने मळ राहिला तर महिन्याभरातसुद्धा दातावर पांढरे डाग दिसू लागतात, आणि तारा काढल्यावर दात सरळ पण डागाळलेले उरतात. थोरलीच्या एका मैत्रिणीचे तसे झालेत.

मध्येच एकदा थोरलीने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला: पुढच्या दोन दातांमधली फट साध्या रबराने घरीच बंद करणारी मुलगी. मॅडमनी पूर्ण व्हिडिओ बघितला, मग कागदावर दाताचं चित्र काढलं. दात मुळाकडे निमुळता होत जातो, त्यामुळे रबर वर सरकत हिरडीच्या आत शिरतं आणि दाताला धरून ठेवणारं हाड आणि तंतू खलास करतं. असे चांगले दात मुलांनी गमावलेत. अमेरिकेतली ऑर्थोडॉन्टिस्टांची संघटना याबद्दल सतत इशारे देत असते. तुमच्या घरात याच वयाचं कुणी असेल तर हा परिच्छेद त्यांना वाचायला द्या.

आता नावडलेल्या गोष्टी. वेळ घेऊन गेलं तरी थांबावं लागतं, नेहमी. भेटीच्या वेळा हटकून शाळेच्या वेळेत. एका सुट्टीच्या दिवशी तारेचं टोक सुटून गालात टोचत होतं आणि दवाखान्याचा फोन कुणी उचलला नाही. पहिल्या दिवशी दिलेलं मेण त्यावर लावून रात्र काढली. लहान मुलांवर उपचार करणाऱ्या ठिकाणी सुट्टीच्या दिवशी फोन उचलणारं माणूस असायलाच हवं. आणि रिसेप्शनवरच्या बाई अजूनही थोरलीला सोडून माझ्याशीच बोलतात, 'बेबीला घेऊन या' म्हणतात. बेबी आता आईपेक्षा उंच आहे.

धाकट्याचं थोडक्यात. मूल सात वर्षांचं झालं की ऑर्थोडॉन्टिस्टला एकदा दाखवावं, असं त्याच अमेरिकी संघटनेचं म्हणणं आहे, कारण त्या वयात पहिल्या कायमच्या दाढा आणि पुढचे काही दात आलेले असतात. दाखवायचं म्हणजे उपचार सुरू करायचे असं नाही. धाकट्याचे खालचे पुढचे दात जरा दाटीवाटीने आलेत. मॅडम म्हणाल्या, सहा-सहा महिन्यांनी आणा, आत्ता काही नको. लवकर करायची कामं वेगळी असतात. वरचा जबडा अरुंद असून दात उलटे मिटत असतील तर टाळूत बसवलेल्या स्क्रूने तो रुंद करतात, किल्लीच्या एका फिरवण्याला पाव मिलिमीटर, आणि टाळूचा मधला सांधा पक्का व्हायच्या आत ते सोपं जातं. नुसते पुढे आलेले दात असतील तर आठव्या-नवव्या वर्षी एकदा आणि पुन्हा तेराव्या वर्षी एकदा उपचार करून शेवटचा निकाल नंतर एकदाच केलेल्या उपचारांपेक्षा फारसा वेगळा येत नाही. लहानपणी केल्याचा एक फायदा संशोधनात दिसतो: पडून पुढचे दात तुटण्याचं प्रमाण कमी होतं. धाकट्याचे दात पुढे नाहीत. म्हणून तो दवाखान्यात येतो, खुर्ची वर-खाली करून घेतो आणि घरी जातो.

तारा काढल्या त्या दिवसाचे फोटो सगळेच काढतात. तिथून पुढचा भाग कुणी लिहीत नाही. हिरडीतले लवचिक तंतू नव्या जागेला जुळायला वर्षभर लागू शकतं, तोवर ते दातांना जुन्या जागेकडे ओढत राहतात. नंतरही वयानुसार दात थोडेफार सरकतातच, आणि खापर उगाच अक्कलदाढेवर फुटतं. थोरलीच्या खालच्या दातांमागे बारीक तार चिकटवली आहे आणि वर रात्री घालायची पारदर्शक प्लेट. ती किती वर्षं घालायची, हा प्रश्न तिने मॅडमना पहिल्या भेटीत विचारला होता. बरीच वर्षं, असं खरं उत्तर तेव्हाच मिळालं. एक गोष्ट मात्र दवाखान्याने लेखी द्यायला हवी होती: प्लेट हरवली तर नवी पॅकेजमध्ये धरलेली नाही. हे आम्हाला हरवल्यावर कळलं.

नवी प्लेट त्यांनी जुन्या स्कॅनवरूनच बनवली. तेव्हा मी ती स्कॅनची फाइल आणि सगळे एक्स-रे पेन ड्राइव्हवर मागून घेतले. कुरकुर न करता दिले. तुम्हीही मागा, गाव बदललं, डॉक्टर बदलले, तर पुढच्या माणसाला आधीचं माप हाताशी राहील.