वाक्प्रचार शिकायचे तर तयार कार्डं की स्वतःची वही?

परकी भाषा बऱ्यापैकी समजू लागते, व्याकरण अंगवळणी पडतं, आणि तरीही समोरचा एखादं वाक्य बोलून जातो तेव्हा त्यातला शब्दन् शब्द ओळखीचा असून आपल्याला काहीच उमगत नाही. वाक्प्रचार मुद्दाम शिकायला हवेत हे बहुतेकांना इथेच जाणवतं. मग दोन वाटा दिसतात. तयार यादी कार्डांच्या ॲपमध्ये (पुढे वाक्प्रचार, मागे अर्थ) घालून रोज उजळणी करायची, किंवा कानावर पडेल आणि वाचनात येईल ते स्वतःच्या वहीत उतरवत जायचं. जर्मन शिकताना मी दोन्ही करून पाहिलं, साधारण एकेक वर्ष. कार्डांचं ॲप कसं चालतं ते इथे सांगत बसत नाही. ही निवड करायला बसलेल्याला ते ठाऊक असणारच.

कार्डांचं श्रेय आधी देतो, कारण ते मोठं आहे. आपण किती लवकर विसरतो हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हेरमान एबिंगहाउस यांनी स्वतःवर वर्षानुवर्षं प्रयोग करून १८८५ साली मांडलं. विसरण्याच्या बेतात असताना पुन्हा आठवायचं, ही कल्पना सेबास्तिआन लाइटनर यांनी १९७०च्या दशकात कार्डं ठेवायच्या खोक्यातल्या कप्प्यांवर बसवली, आणि २००६ साली आलेल्या अँकी या कार्डांच्या ॲपने ती संगणकाकडे सोपवली. माझ्या यादीत चारशेच्या आसपास वाक्प्रचार होते. रोज वीस मिनिटं दिली आणि चार महिन्यांत त्यातले बहुतेक दिसताक्षणी ओळखता येऊ लागले. वर्तमानपत्र वाचताना अडखळणं खरोखर कमी झालं. तुम्हाला ती भाषा फक्त वाचायची असेल किंवा परीक्षा तोंडावर आली असेल, तर कार्डंच घ्या आणि पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल.

पण एबिंगहाउस यांनी पाठ काय केलं होतं? निरर्थक अक्षरगट. अर्थाचा, आठवणीचा आधार मिळू नये म्हणून त्यांनी ते मुद्दाम तसे निवडले होते. वाक्प्रचाराचं नेमकं उलट असतं. कोण बोलतो, कुणाशी, कुठल्या प्रसंगात, हे काढून घेतलं की त्यात फारसं काही उरत नाही. कार्ड मात्र त्याला निरर्थक अक्षरगटासारखंच वागवतं: पुढे वाक्प्रचार, मागे अर्थ, मध्ये बरोबरचं (=) चिन्ह.

त्या बरोबरच्या चिन्हानेच माझा निर्णय केला.

माझ्या यादीत ‘डेन ल्योफेल आबगेबेन’ होतं. शब्दशः अर्थ चमचा परत देणे, आणि कार्डाच्या मागे एवढंच लिहिलेलं: मरण पावणे. कार्ड माझं पक्कं पाठ होतं. एका सहकारी बाईंचे आजोबा गेले. त्या सुट्टीवरून परतल्या तेव्हा मी त्यांना दोन ओळी लिहिल्या. साधं क्रियापद कोरडं वाटेल, आपण थोडं आपलेपणाने लिहावं, या भावनेने मी हा वाक्प्रचार वापरला. बराच वेळ उत्तर आलं नाही. मग त्यांनी लिहिलं, ‘तुला काय म्हणायचं होतं ते मला कळलं. पण हे आम्ही असं नाही म्हणत.’ मराठीत सांगायचं तर शोकसंदेशात मी ‘आजोबा गचकले’ असं लिहिलं होतं.

आपल्याच भाषेत बघा. देवाज्ञा होणे, राम म्हणणे, डोळे मिटणे, खपणे, गचकणे या सगळ्यांच्या कार्डामागे ‘मरण पावणे’ एवढंच येईल, आणि ते चूकही ठरणार नाही. मात्र यातलं कुठलं कुणाच्या घरी बोलायचं आणि कुठलं चुकूनही बोलायचं नाही हे मराठी माणसाला कुणी यादी देऊन शिकवलेलं नसतं. तो ते प्रसंगांतून ऐकत आलेला असतो. परक्या भाषेत आपल्या पाठीशी ते प्रसंग नसतात, आणि तयार यादी त्याच जागी गप्प बसते. काही चांगल्या याद्यांमध्ये ‘अनौपचारिक’ असा शेरा असतो, हे मान्य. पण मित्राशी फोनवर बोलणंही अनौपचारिक आणि मेलेल्या माणसाची टवाळीही अनौपचारिक. तेवढ्या शेऱ्यावर माझं तरी भागलं नसतं.

दुसरी अडचण एवढी दुखरी नाही, पण रोजची आहे. यादीत वाक्प्रचार नेहमी मूळ रूपात येतो, आपल्याकडे शेवटी ‘णे’ लावून येतो तसा. बोलण्यात तो तसा कधीच येत नाही. ‘नाकी नऊ येणे’ पाठ केलेला परका माणूस ‘मला नाकी नऊ आले’ म्हणेल, कारण ‘मला राग आला’ हे त्याला ठाऊक असतं. ‘माझ्या नाकी नऊ आले’ हे त्याला ऐकूनच कळणार. ‘डोळा लागणे’ म्हणजे झोप लागणे आणि ‘डोळे लागणे’ म्हणजे आतुरतेने वाट पाहणे, इथे एकवचन-अनेकवचनात सगळा अर्थ फिरतो. आणि ‘हातावर तुरी देणे’ घ्या. हा वाक्प्रचार मला जवळजवळ दर वेळी ‘हातावर तुरी देऊन’ असाच भेटलाय, आणि पुढे ‘पळाला’ किंवा ‘पसार झाला’ हे आलंच. म्हणजे शिकायचा तुकडा ‘हातावर तुरी देऊन पसार’ हा आहे. यादीतलं ‘णे’ हे कोशाच्या सोयीसाठी.

तयार याद्यांबद्दल आणखी एक. त्यात काय घ्यायचं हे ठरवणाऱ्याला गमतीदार चित्रं आवडतात. इंग्रजीच्या याद्यांमध्ये कुत्र्या-मांजरांचा पाऊस हमखास असतो. मी इतकी वर्षं इंग्रजी बोलणाऱ्यांबरोबर काम केलं, तो वाक्प्रचार कुणाच्या तोंडून एकदाही ऐकलेला नाही.

आता वही. मी साधी रेघांची वही घेतो आणि एका पानावर एकच वाक्य लिहितो. वाक्य पूर्ण, जसं ऐकलं तसं, अर्धवट असलं तरी. खाली कोण कुणाला म्हणालं, त्याआधी काय घडलं होतं आणि आवाज कसा होता. एक पान उघडून दाखवतो. वर लिहिलंय ‘दास इस्ट निख्ट माइन बीअर’, शब्दशः ‘ही माझी बीअर नव्हे’. खाली: ‘ऑनलाइन बैठक. काम कुणाकडे द्यायचं यावर वाद. वरच्या पदावरचा माणूस बरोबरीच्याला म्हणाला. तुटकपणे, हसला नाही. पुढे दोघेही थोडा वेळ गप्प.’ त्याखाली दोन आठवड्यांनंतरच्या वेगळ्या शाईत: ‘दुसऱ्यांदा. दोघी मैत्रिणी, तिसरीच्या लग्नाबद्दल. इथे हलकं, खांदे उडवून.’ आणि मग माझा शेरा: ‘आपला संबंध नाही. वरिष्ठाला बोलू नये.’ कार्डाच्या मागे यातलं फक्त ‘आपला संबंध नाही’ एवढंच आलं असतं.

एक नियम मी स्वतःला घालून घेतलाय: दोन वेगळ्या माणसांकडून ऐकल्याशिवाय वाक्प्रचार आपण वापरायचा नाही. एखाद्याची खास लकब आणि सगळ्यांचा वाक्प्रचार यातला फरक एकदा ऐकून कळत नाही.

वहीचे दोष मी झाकणार नाही. ती फार सावकाश भरते. वर्षभरात माझी नव्वदच्या आसपास पानं झाली, म्हणजे कार्डांच्या पाव हिश्शाहूनही कमी. ऐकण्यात चूक झाली तर चूकच लिहिली जाते. एक वाक्य मी तीन महिने चुकीच्या शब्दाने लिहून ठेवलं होतं. वही उजळणीची आठवण करून देत नाही, ती आपणच उघडावी लागते. आणि मुख्य म्हणजे ती भाषा कानावर पडायला हवी. जिथे ती बोलणारं कुणी नाही तिथे मालिका, मुलाखती, गप्पांचे पॉडकास्ट यांवर भागवावं लागतं. त्यातूनही पानं भरतात. फक्त बातम्या ऐकत बसू नका. तिथली भाषा इस्त्री केलेली असते.

दोन्हींची सांगड घालता येते का, असं कुणी विचारलं तर येते, पण ओघ वहीकडून कार्डाकडे हवा. मी सध्या वहीतलं पान पक्कं झालं की त्याचं कार्ड करतो, आणि कार्डाच्या पुढच्या बाजूला वाक्प्रचार न लिहिता प्रसंग लिहितो: ‘बरोबरीचा माणूस तुझ्यावर काम ढकलतोय, तुला तुटकपणे नाही म्हणायचंय.’ मागे पूर्ण वाक्य. असं केल्यावर नुसतं ओळखणं न राहता वेळेवर तोंडून निघणं जमायला लागलं, निदान माझ्या बाबतीत. तयार यादीतून सुरुवात करून हे उलट्या दिशेने करायचा प्रयत्नही केला होता. प्रसंग मनाने रचावे लागत, आणि रचलेले प्रसंग लक्षात राहत नव्हते.

म्हणून, तुमची गरज मला माहीत नाही हे मान्य करूनही, ज्याला त्या भाषेत माणसांशी बोलायचंय त्याला मी वहीच सुचवेन. पहिल्या दोन महिन्यांत हाती काही लागत नाहीसं वाटेल. बारा-पंधरा पानं, बस. तेवढ्यावर सोडू नका.

माझ्या वहीतलं एक पान त्याच सहकारी बाईंचं आहे. माझ्या भाषेच्या परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी त्या फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, ‘इख ड्र्युक डिअर दी डाउमेन’. अंगठे दाबते, म्हणजे तुझं भलं व्हावं अशी इच्छा करते. हे कार्ड माझ्याकडे वर्षभर होतं, ‘शुभेच्छा देणे’ या अर्थासह. त्यावरून वाक्य जुळवताना मी ‘ड्र्युके’ असं पूर्ण रूप म्हणत असे. त्यांनी शेवटचा ‘ए’ गिळला होता, आणि ‘डिअर’वर किंचित जोर दिला होता. पानावर दोन्ही लिहून ठेवलं. पुढे दुसऱ्या एकाकडूनही ते तसंच ऐकलं. मग त्यांच्या मुलीची मुलाखत होती त्या सकाळी मी त्यांना फोन केला आणि ‘ए’ गिळून तेच वाक्य म्हणालो, फक्त ‘डिअर’च्या जागी ‘ईअर’, म्हणजे ‘तिला’. त्या ‘धन्यवाद’ म्हणाल्या आणि मुलीबद्दल बोलू लागल्या.