दोन माणसांचा तंबू, ४१ रात्री आणि एक रनर

हा तंबू घेऊन चौदा महिने झाले. मी आणि नवरा त्यात ४१ रात्री झोपलो. तिसाव्या रात्रीपर्यंत कुणी विचारलं असतं तर मी डोळे मिटून घ्या म्हणून सांगितलं असतं. एकतिसाव्या रात्री दोनच्या सुमारास भर पावसात मी बाहेर जाऊन आले, फ्लायची, म्हणजे तंबूवरच्या बाहेरच्या आवरणाची, चेन वरून खाली ओढली, आणि रनर खाली सरकत असतानाच त्याच्यामागून दात उकलत गेले. रनर तळाशी पोचला आणि दार मात्र सताड उघडं. परत वर नेला, परत खाली आणला. पुन्हा तेच. चौथ्या वेळी वाऱ्याने दाराचं कापड आत उडवलं आणि पडवीत, म्हणजे फ्लायखालच्या दारापुढच्या आडोशात, ठेवलेल्या दोन्ही सॅकवर पाणी.

नवऱ्याने टॉर्च धरला आणि मी औषधांच्या पाकिटातल्या सेफ्टी पिना काढल्या. कापडाला भोक पडू नये म्हणून चेनच्या दोन्ही बाजूंच्या जाड पट्ट्या एकमेकींवर आणून त्यातच सहा पिना लावल्या. सकाळपर्यंत त्यांनी काम भागवलं. पण त्यानंतर मला झोप लागली नाही. इतक्या हौसेने, इतका अभ्यास करून घेतलेला तंबू, आणि तो अडला तो एका बोटाच्या पेराएवढ्या धातूच्या तुकड्यापायी.

अभ्यास खरंच केला होता. दीड महिना मी तुलना करत बसले होते. वजन, फ्लायचं डेनिअर (धाग्याची जाडी), तळाचं वॉटरप्रूफिंग (किती उंच पाण्याचा दाब सोसतं ते) १,५०० मिमी की ३,०००, पोल कुठल्या अ‍ॅल्युमिनियमचे, जाळी किती, पडवी किती खोल. कागदावर हे सगळं उतरवलं होतं. त्या कागदावर चेनचा रकानाच नव्हता. आणि कंपन्याही तो देत नाहीत. शंभर ग्रॅम कमी आहेत हे ठळक अक्षरात असतं, चेन किती नंबरची आहे हे शोधायला गेलं तर बहुतेक वेळा सापडत नाही.

आता हिशोब करा. एक माणूस एकदा बाहेर गेला आणि परत आला की चेन आठ वेळा चालते. आतली उघडा, बाहेरची उघडा, बाहेरची लावा, आतली लावा, आणि येताना परत तेच चार. दोघांच्या मिळून संध्याकाळपासून सकाळपर्यंत दहा फेऱ्या सहज होतात, म्हणजे रोज ८० वेळा. ४१ रात्रींचे झाले तीन हजारांच्या वर. तंबूचा दुसरा कुठलाही भाग इतका वापरला जात नाही. पोल दिवसातून दोनदा हाताळतो, खुंट्या दोनदा. जो भाग सगळ्यात जास्त राबतो त्याच्याबद्दलच आपण काही विचारत नाही, आणि मीही विचारलं नव्हतं, याचा मला अजून राग येतो.

पहिले दोन दिवस मी चेन खराब झाली असं धरून चालले होते. दात तुटले असतील, पूर्ण चेन बदलावी लागेल, म्हणजे दाराचं कापड उसवायचं, शिलाई पुन्हा वॉटरप्रूफ करायची. घरी येऊन उन्हात नीट बघितलं तर दात एकदम ठणठणीत. तंबूच्या चेनला सुटे दात नसतातच, नायलॉन किंवा पॉलिएस्टरच्या जाड तंतूची गुंडाळी असते, आणि ती फार सोशिक असते. झिजतो तो रनर. तो मऊ धातूचा असतो, आणि दातांत बसलेली बारीक वाळू प्रत्येक ओढीला त्याला आतून घासते. रनरची दोन पाती एकमेकांपासून केसभर लांब गेली की दोन्ही बाजूंचे दात एकमेकांत दाबून बसत नाहीत. आमच्या आधीच्या दोन्ही मुक्कामांना जागा नदीकाठची वाळूची होती. तिथेच तो संपला असणार.

रनर उलटा केला की मागे बारीक अक्षरात नंबर असतो. आमच्या फ्लायवर ३. नंबर म्हणजे मिटलेल्या दातांची रुंदी, अंदाजे मिलिमीटरमध्ये. हलक्या तंबूंना बऱ्याचदा ३ नंबरची चेन लावतात, वजन वाचतं म्हणून. ५ नंबरची किती जड पडली असती? संपूर्ण तंबूमागे मूठभर शेंगदाण्यांएवढी. एवढ्यासाठी तीनवर यायचं हे मला पटत नाही. आतल्या जाळीच्या दाराला तीन चालेल, तिच्यावर ताण नसतो. बाहेरच्या दारावर वारा, पाऊस आणि खुंट्यांचा ताण तिन्ही असतात.

मग कंपनीला मेल केला. फोटो जोडले, बिलाची प्रत जोडली. तीन दिवसांनी उत्तर आलं की ही नेहमीच्या वापरातली झीज आहे, हमीत बसत नाही. मी लिहिलं, ठीक आहे, मला फक्त या मापाचे दोन रनर पाठवा, पैसे देते. त्यावर उत्तर की आम्ही सुटे भाग देत नाही, पूर्ण फ्लाय धुऊन वाळवून पाठवा, दाराचा तुकडा बदलून देऊ, पाठवण्याचा आणि दुरुस्तीचा खर्च तुमचा, सहा ते आठ आठवडे लागतील. मी पुन्हा लिहिलं की दाराला काहीही झालेलं नाही, रनर बदलायचा आहे. चौथ्या मेलला तेच उत्तर, शब्दही तेच. चांगल्या दाराचं कापड कापून फेकायचं, का तर एक रनर पाकिटात घालून पाठवायची सोय नाही. वस्तू टिकवून वापरणाऱ्या माणसाला याचा किती त्रास होतो ते त्या उत्तर लिहिणाऱ्याला कसं कळावं!

शेवटी फ्लाय पिशवीत घालून बॅगा दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे गेले. त्यांनी कापडाकडे बघितलंसुद्धा नाही. चेनवरून अंगठा फिरवला, रनर उलटा करून नंबर वाचला.

"चेन चांगली आहे ताई. रनर गेलाय."

"बदलता येईल?"

"बसा जरा."

एका डब्यात सगळे रनर नंबरवारीने होते. तळाची शिलाई चार टाके उसवली, जुना रनर काढला, नवा दोन्ही टोकांवर एकदम चढवला, डावं-उजवं टोक अगदी समान आहे ना ते नखाने तपासलं, आणि टाके परत घातले. दहा मिनिटंही लागली नाहीत. मी आणखी दोन रनर मागून घेतले. जाताना त्यांनी आणखी एक दाखवलं ते सांगते, कारण डोंगरात तेच कामाला येईल. रनर सैल झाला की पक्कड घेऊन त्याच्या मागच्या बाजूच्या दोन्ही कडा हळूच दाबायच्या, आधी एक, मग दुसरी, दर वेळी चालवून बघायचं. जोर केला तर रनर तडकतो. असा दाबलेला रनर काही दिवस निभावून नेतो, पण झीज भरून येत नाही, तेव्हा परत आल्यावर बदलायचाच.

इथपर्यंतचं मी गेल्या महिन्यात लिहून ठेवलं होतं. त्यानंतर आठ रात्री पुन्हा बाहेर राहिलो (वरच्या ४१ त्या धरूनच) आणि एक गोष्ट मला दुरुस्त करायला हवी. सगळा दोष तीन नंबरचा नव्हता. फ्लाय ताणताना आम्ही दार उघडं ठेवायचो, ये-जा सोपी पडते म्हणून. खुंट्या ठोकून झाल्या की दार लावायचो. म्हणजे दोन्ही कडा आधीच एकमेकींपासून ओढलेल्या, आणि रनरने त्या खेचून जवळ आणायच्या. दर वेळी त्याला दातांशी झुंजावं लागत होतं. आता आधी दोन्ही दारं पूर्ण लावतो, मग खुंट्या ठोकतो, मग दोऱ्या ताणतो. फरक हाताला लगेच कळतो: रनर एका बोटाने जातो. शिवाय वळणावर, जिथे चेन उभी यायची ती आडवी होते, तिथे दुसऱ्या हाताने कापड धरायचं. वाळूच्या जागी मुक्काम झाला की सकाळी जुन्या टूथब्रशने दात झाडायचे. हे तंबूबरोबरच्या कागदावर दोन ओळींत लिहिलेलं आहे, लहान अक्षरात. मी ते वाचलं नव्हतं. तरी सुटा रनर न देणाऱ्या कंपनीबद्दलचं माझं मत तेच आहे.

बाकी तंबूबद्दल. पहिल्या चार-पाच रात्री मला तो गळतो असंच वाटत होतं. पहाटे स्लीपिंग बॅगचं पायाकडचं टोक ओलं, तोंडावर थेंब. सगळ्या शिवणी तपासल्या, वरून पाणी ओतून बघितलं, एक थेंब आत नाही. ते आमच्याच श्वासाचं पाणी होतं. ज्या रात्री पाऊस नव्हता, आकाश मोकळं आणि वारा पडलेला, त्या रात्री सगळ्यात जास्त. नदीकाठी, खोलगट जागी तर फ्लायची आतली बाजू हाताने निपटून काढावी इतकी ओली. थोडं वर, झाडाखाली तंबू लावला की तेच प्रमाण निम्म्यावर. तेव्हा तंबू बदलण्याआधी जागा बदलून बघा. वरची हवेची झडप पावसातसुद्धा उघडी ठेवायची, हे मनाला पटायला मला सहा रात्री लागल्या.

खरी खोड वेगळीच निघाली. फ्लाय सिलिकॉन लावलेल्या नायलॉनची आहे. नायलॉन पाणी धरतं आणि ओलं झालं की लांबतं. संध्याकाळी ढोलासारखी ताणलेली फ्लाय मध्यरात्री पोट सोडते आणि आतल्या जाळीला टेकते. टेकली की तिच्या आतल्या बाजूचे थेंब थेट आपल्यावर. पाऊस सुरू झाल्यावर तासाभराने एकदा उठून दोऱ्या कसायच्या, एवढा एकच उपाय. पॉलिएस्टरची फ्लाय अशी फारशी लांबत नाही. तेवढ्याच जाडीचं नायलॉन फाटायला जास्त चिवट असतं हे खरं, पण आमची फ्लाय कधी फाटायच्या बेतात आलीच नाही, आणि अशी उठाठेव मात्र निदान पंधरा रात्री केली.

दोन दारांबद्दल माझं मत पार बदललं. घेताना मी एका दाराच्या तंबूवर अडून बसले होते, वजन कमी म्हणून. नवऱ्याने हट्ट केला आणि दोन दारांचा घेतला. तो रात्री निदान दोनदा उठतो. एक दार असतं तर दर वेळी माझ्या अंगावरून गेला असता. आणि त्या एकतिसाव्या रात्री पिना लावलेलं दार बंदच ठेवून आम्ही दुसऱ्या दाराने बाहेर पडलो, ते दुसरं दार नसतं तर सहाही पिना प्रत्येक वेळी काढाव्या लागल्या असत्या. दोन पडव्या, दोघांचे बूट वेगळे, सॅक वेगळ्या. यावर मी आता वाद घालत नाही.

जागेचं मात्र नीट मोजून घ्या. तळ डोक्याकडे १३२ सेंमी, पायाकडे १०७. नेहमीच्या ५१ सेंमीच्या दोन मॅट बसतात, पायाकडे पाच सेंमी उरतात. ६४ सेंमीच्या रुंद मॅट दोघांनी आणल्या तर डोक्याकडे कशाबशा मावतात आणि पायाकडे एकमेकींवर चढतात. दोन माणसांचा म्हणजे दोन अरुंद मॅटचा, इतकाच त्या आकड्याचा अर्थ.

वजन लिहिलंय १.६२ किलो. घरच्या काट्यावर १.८८ भरलं. लिहिलेल्या वजनात इनर (आतला तंबू), फ्लाय आणि पोल एवढंच धरतात, खुंट्या, दोऱ्या, पिशव्या नाहीत. दोघांत वाटून घेतलं की त्रास नाही. पोल उत्तम, अजून सरळ आहेत. घडी घालताना मधल्या सांध्यापासून सुरुवात करा, आतली लवचिक दोरी दोन्हीकडे सारखी ताणली जाते. फ्लायच्या आतल्या बाजूला, दोऱ्या जिथे बांधतो त्याच्या बरोबर मागे, वेलक्रोचे छोटे पट्टे आहेत. ते पोलला गुंडाळले नाहीत तर वाऱ्यात बाहेरच्या दोऱ्या ताणून फारसा उपयोग नाही. आम्हाला ते बाविसाव्या रात्री सापडले. खाली अंथरायचं कापड तळापेक्षा चारी बाजूंनी दोन-तीन बोटं लहान कापा. आमचं आधी मोठं होतं आणि फ्लायवरून उतरलेलं पाणी त्यावर साठून तंबूखाली जायचं.

तळाला आतून पॉलियुरेथेनचा लेप आहे, म्हणून ओला तंबू पिशवीत राहता कामा नये. माझ्या आधीच्या तंबूचा लेप असाच गेला, चिकट झाला आणि आंबूस वास सुटला, तो परत नीट होत नाही. हा मी पूर्ण वाळवून, पंख्याखाली एक रात्र ठेवून, मोठ्या सुती पिशवीत सैल भरून ठेवते. चौदा महिन्यांनी तळ अजून कोरा वाटतो.

पुन्हा घेईन का? हाच नाही. पॉलिएस्टरची फ्लाय, दोन दारं आणि बाहेर ५ नंबरची चेन असलेला मिळाला तर पाव किलो जास्त उचलीन. पण हा टाकूनही देणार नाही, अजून निदान शंभर रात्री त्यात आहेत. परवा उन्हात घालताना नवऱ्याच्या बाजूचं दार चालवून बघितलं. वळणावर दोन दात मागे उकलले, रनर परत फिरवल्यावर बसले. तोही आता संपत आलाय. जाणं पुढच्या शनिवारी आहे. उद्या तळाचे चार टाके उसवून काकांकडून आणलेल्या दोनपैकी एक रनर मीच चढवून बघणार आहे. दुसरा खुंट्यांच्या पिशवीत, सुई-दोरा आणि छोट्या पकडीबरोबर.