सलालाला गाडीने निघण्याआधी ‘ओमान कव्हर’ खरं आहे का ते बघा

दुबई-शारजातून खरीफच्या (तिथल्या पावसाळ्याच्या) मोसमात स्वतःच्या गाडीने ओमानमधल्या सलालाला जाणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी हे लिहितोय. जूनअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत तिथे धुकं आणि भुरभुर पाऊस असतो. आंबोलीसारखे हिरवे डोंगर बघायला आपली माणसं वाळवंटातून हजार-बाराशे किलोमीटर गाडी हाकतात. आम्हीही ऑगस्टमध्ये गेलो, आणि विम्याच्या नावाखाली पुरते नागवले गेलो.

गाडीचा कॉम्प्रिहेन्सिव्ह (स्वतःच्या गाडीचं नुकसानही धरणारा) विमा ज्याच्याकडून घेतला, तो एजंट आपल्याकडचाच. “दादा, ऑरेंज कार्ड काढतोच आहे, वर तीनशे दिरहॅम द्या, ओमानचं फुल कव्हर टाकून घेतो. वहिनींना म्हणावं, बिनधास्त जा.” पैसे त्याने स्वतःच्या खात्यावर घेतले. व्हॉट्सॲपवर दोन कागद आले: ऑरेंज कार्ड, म्हणजे अरब देशांत चालणारं गाडीच्या विम्याचं कार्ड, आणि विमा कंपनीच्या लेटरहेडवर ‘ओमानमध्ये स्वतःच्या गाडीचं नुकसानही समाविष्ट’ असं लिहिलेलं पत्र.

हत्ताच्या यूएई-ओमान सीमेवर मुल्किया (गाडीचं नोंदणी कार्ड) आणि ऑरेंज कार्ड बघून आम्हाला सोडलं. दुसऱ्या कागदाकडे कुणी बघितलंही नाही, आणि नेमकी हीच गोष्ट असे लोक ओळखून असतात. ऑरेंज कार्ड अरब देशांमधल्या 1975 च्या करारातून आलं. ते फक्त थर्ड पार्टीचं आहे: तुमच्या गाडीने दुसऱ्याला इजा झाली किंवा दुसऱ्याची गाडी ठोकली गेली, तर त्याची भरपाई. तुमचा बंपर, रेडिएटर, रिकव्हरीचा (बंद गाडी उचलून नेण्याचा) खर्च यातलं काहीही त्यात येत नाही. सीमेवरच्या खिडकीत मिळणारा विमाही साधारण तेवढाच असतो. म्हणजे सीमा पार झाली यावरून तुमची स्वतःची गाडी सुरक्षित आहे असं अजिबात समजू नका.

सलालाच्या वरच्या घाटात, दाट धुक्यात, रस्त्यावर उंट आला. त्याला चुकवताना गाडी कडेच्या खडकावर गेली. मुलं मागे होती. कुणाला खरचटलंही नाही, हे नशीब. रॉयल ओमान पोलिसांनी रीतसर रिपोर्ट दिला, फार चांगले वागले. मग मी विमा कंपनीला फोन केला. उत्तर सरळ होतं: हे पत्र आम्ही दिलेलं नाही, तुमच्या पॉलिसीचं भौगोलिक क्षेत्र फक्त यूएई आहे, ओमानचं एंडॉर्समेंट (पॉलिसीत जोडलेली अधिकृत नोंद) कधी झालेलंच नाही. कार्ड खरं, पत्र बनावट. एजंटचा फोन त्या दिवसापासून बंद.

गाडी हजार किलोमीटर रिकव्हरीवर घालून आणली, गॅरेजचं बिल वेगळं. सगळं खिशातून. पण पैशांपेक्षा संताप याचा येतो की परक्या देशात, लहान मुलांना घेऊन निघालेल्या कुटुंबाच्या हातात त्याने जाणूनबुजून खोटा कागद दिला. आपली भाषा बोलतो म्हणून लोक त्याच्यावर विश्वास ठेवतात, हे भांडवल करून.

तुम्ही जाणार असाल तर एजंटला विचारू नका, थेट विमा कंपनीला ईमेल करा. पत्ता पॉलिसीवरून किंवा कंपनीच्या वेबसाइटवरून घ्या, एजंटने पाठवलेला नको. तीनच गोष्टी विचारा: माझ्या पॉलिसीत ओमानमध्ये ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं कव्हर) आहे का, एंडॉर्समेंटचा क्रमांक काय, आणि तिथे रिकव्हरी मिळते का, मिळाली तर कुठपर्यंत. काही कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसींत ओमान आधीच धरलेलं असतं, तेव्हा त्यासाठी वेगळे पैसे मागणाराही संशयास्पदच. पैसे कंपनीच्या नावावर भरा आणि पावती कंपनीचीच घ्या. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं एनओसी लागतं का, तेही आधीच विचारून घ्या.

यूएईत विमा क्षेत्र सेंट्रल बँकेच्या देखरेखीखाली आहे. ब्रोकरचा परवाना तिथे तपासता येतो. कंपनी दाद देत नसेल तर आधी तिच्याकडे लेखी तक्रार करा, मग ‘सनदक’ या लोकपाल कार्यालयाकडे जाता येतं. आमचा एजंट मात्र परवानाधारक नव्हताच, त्यामुळे आम्ही पोलिसांत तक्रार दिली आहे. बनावट पत्र, पैसे पाठवल्याचा पुरावा आणि सगळे व्हॉट्सॲप संदेश जोडलेत. तुमच्याकडेही कंपनीच्या लेटरहेडवरचं असं सुटं पत्र आलं असेल, तर ते कंपनीला पाठवून खात्री करा आणि लेखी उत्तर हातात येईपर्यंत निघू नका.