झॅपी चार्जर: उरलेल्या उन्हावर गाडी भरायची तर

मायएनर्जी कंपनीचा झॅपी हा इलेक्ट्रिक गाडीसाठीचा घरगुती चार्जर. त्यात तीन मोड आहेत: फास्ट, इको आणि इको प्लस. फास्टमध्ये तो बाकीच्या चार्जरसारखाच. झॅपी घ्यायचा तो इको प्लससाठी, म्हणजे घर चालवून उरलेल्या सोलर विजेवर गाडी भरण्यासाठी.

घराच्या मुख्य वायरवर करंट मोजणारा एक चिमट्यासारखा सेन्सर, म्हणजे क्लॅम्प, बसतो. वीज ग्रिडकडे चाललीय की ग्रिडमधून येतेय, हे त्यावरून कळतं आणि त्याप्रमाणे चार्जर गाडीला किती करंट ओढायचा ते सांगतो. सोलर ३ किलोवॅट देतंय, घर ९०० वॅट खातंय, तर उरले २१०० वॅट. २३० व्होल्टला साधारण ९ अँपिअर. गाडीला तेवढेच. ढग आला की आकडा आपोआप खाली.

गोची आहे ती ६ अँपिअरची. चार्जिंगच्या आंतरराष्ट्रीय मानकात गाडीला याहून कमी करंट सांगायची सोयच नाही. म्हणजे सिंगल फेजवर १.४ किलोवॅट ही किमान पायरी, तिन्ही फेज वापरल्या तर ४.१. वरच्याच उदाहरणात कुणी २ किलोवॅटची किटली लावली की शिल्लक १०० वॅट. इको प्लस चार्जिंग थांबवतो. इको मात्र ६ अँपिअरवर रेटत राहतो आणि जवळपास १३०० वॅट ग्रिडमधून घेतो. नावाला भुलू नका: ढगाळ दिवशी ६०० वॅटच उरत असतील तर इकोवर चार तासांत ३ युनिटांहून जास्त वीज विकतची जाते.

इको प्लसमधली 'मिनिमम ग्रीन लेव्हल' समजून घ्या: चार्जिंग सुरू व्हायला किमान पायरीतला किती भाग सोलरचा हवा, ते ती ठरवते. ती १०० टक्के असेल तर पूर्ण १.४ किलोवॅट उरल्याशिवाय चार्जिंग सुरू होत नाही. ५० टक्क्यांवर ७०० वॅट पुरतात. ग्रिडला दिलेल्या युनिटचे पैसे फारच कमी मिळत असतील तर ती खाली आणणं फायद्याचं. दिलेल्या-घेतलेल्या युनिटचा दर सारखाच असेल तर मात्र पैशाच्या हिशेबाने हा सगळाच खटाटोप फुकट आहे.

बहुतेक तक्रारींचं मूळ क्लॅम्पमध्ये सापडतं. त्यावरचा बाण ग्रिडकडून घराकडे हवा. उलटा बसला तर गाडीने ओढलेली वीजच चार्जरला 'शिल्लक' वाटते आणि तो करंट वाढवत थेट कमाल मर्यादेला जातो. तपासणी सोपी: अंधार पडल्यावर फास्टवर चार्जिंग लावा. घरात बॅटरी असेल तर ती तेवढ्यापुरती बंद ठेवा. स्क्रीनवर वीज आत येताना दिसली पाहिजे. बाहेर जाताना दिसली तर क्लॅम्प फिरवा. तो मुख्य वायरवर अशा जागी हवा की सोलर, घर आणि चार्जर तिन्ही त्याच्या पुढे येतील. क्लॅम्पची वायर वाढवायची तर पिळाची जोडवायर (एकमेकींभोवती पिळलेल्या दोन वायरी) वापरा, सुटी वायर नको. वायर नेणं शक्यच नसेल तर हार्वी हा बिनतारी सेन्सर घ्या. त्याला सेल लागत नाही, क्लॅम्पमधूनच तो वीज घेतो.

घरात बॅटरी असली की खरी डोकेदुखी. ती आणि चार्जर दोघंही त्याच शिल्लक विजेच्या मागे असतात. बॅटरी सगळं गिळते, क्लॅम्पला शून्य दिसतं, गाडी उपाशी राहते. किंवा बॅटरीच गाडीत रिकामी होते. बॅटरीच्या एसी वायरवर दुसरा क्लॅम्प लावला की झॅपीला तिचा हिशेब कळतो. हायब्रिड इन्व्हर्टरला (सोलर आणि बॅटरी एकाच यंत्रात सांभाळणारा) बॅटरी डीसी बाजूला असते, तिथे हे क्लॅम्प आंधळे. मग बॅटरीच्या वेळा इन्व्हर्टरच्या सेटिंगमध्येच बांधाव्या लागतात.

आणि गाडीतला चार्जिंगचा टायमर बंद करा. तो चालू असेल तर भर दुपारी चार्जर वीज देऊ करतो आणि गाडी रात्रीची वाट बघत बसते.