पेटी, पंखा की मळा? सभागृहाचा आकार ठरवण्याआधी

सभागृह बांधायचं ठरलं की सर्वांत आधी एक प्रश्न विचारावा: इथे गाणाऱ्याचा, बोलणाऱ्याचा आवाज माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला हवा का? उत्तर ‘हो’ असेल तर आकाराचे पर्याय थोडेच उरतात. ‘नाही’ असेल तर बरीच मोकळीक मिळते. हे न ठरवताच नकाशा पुढे सरकतो आणि मग आवाज ‘नंतर बघू’च्या यादीत जातो, याचं मला फार वाईट वाटतं. फर्निचर नंतर बदलता येतं, दोन भिंतींमधलं अंतर बदलता येत नाही.

ढोबळमानाने तीन आकार समोर येतात: लांबट पेटी, मंचापासून मागे रुंदावत जाणारा पंखा, आणि मंचाच्या चहूबाजूंनी चढत जाणाऱ्या खुर्च्यांचे गट, म्हणजे द्राक्षाचा मळा.

पेटीचं सर्वांत नावाजलेलं उदाहरण म्हणजे व्हिएन्नाच्या म्युझिकफेराइनचं १८७० सालचं सोनेरी सभागृह. लांबी साधारण ४९ मीटर, रुंदी फक्त १९, उंची १८ च्या आसपास. यातला कळीचा आकडा रुंदीचा आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. मंचापासून २० मीटरवर मधोमध बसलेल्या श्रोत्याला आधी थेट सूर ऐकू येतो. बाजूच्या भिंतीवर आपटून आलेला सूर जेमतेम साडेसात मीटर जादा चालतो, म्हणजे सुमारे २२ मिलिसेकंद मागाहून पोचतो. कान या दोन सुरांना वेगळे धरत नाही, एकत्र करतो. सूर भरीव होतो आणि आपण त्याच्या आत बसलो आहोत असं वाटतं. बाजूने येणाऱ्या या परावर्तनाचं महत्त्व न्यूझीलंडच्या हॅरल्ड मार्शल यांनी १९६० च्या दशकात ठामपणे मांडलं. छतावरून आलेला आवाज दोन्ही कानांना जवळपास सारखाच लागतो, बाजूने आलेला मात्र वेगवेगळा लागतो. तो वेढल्याचा अनुभव त्यातून येतो.

आता हीच रुंदी ४० मीटर करून बघा. त्याच श्रोत्याकडे भिंतीवरचा आवाज सुमारे २५ मीटर जादा चालून, ७२ मिलिसेकंद उशिरा येतो. बोलण्याच्या बाबतीत साधारण ५० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर शब्दाला बळ देतो, त्यापुढचा शब्दाच्या कडा पुसायला लागतो.

पंख्याची अडचण इथेच आहे. शिवाय त्याच्या भिंती तिरप्या असल्यामुळे त्यांच्यावर पडलेला आवाज मागच्या बाजूला फेकला जातो आणि मधल्या, सर्वांत महागड्या खुर्च्यांना बाजूचा आधार जवळजवळ मिळत नाही. पण दिसण्याच्या बाबतीत पंखा उजवा आहे. तितकेच लोक मंचाच्या बऱ्याच जवळ बसतात, चेहऱ्यावरचे भाव वाचता येतात. व्याख्यानं, नाटकं आणि ध्वनिवर्धकावरचे कार्यक्रम हाच मुख्य वापर असेल तर मी बेलाशक पंखा निवडेन. अट एकच: मागची भिंत आत वळलेली, गुळगुळीत आणि टणक नको. ती आवाज गोळा करून पुन्हा मंचावर पाठवते.

मळ्याची सुरुवात बर्लिनच्या फिलहार्मोनीपासून झाली. हान्स शारून यांची ही वास्तू १९६३ मध्ये उघडली, ध्वनीची बाजू लोथार क्रेमर यांनी सांभाळली. श्रोते दूरवर रांगेत बसत नाहीत, वाद्यवृंदाभोवती जमतात. बाजूच्या भिंती दूर गेल्या, ही उणीव प्रत्येक गटापुढच्या बुटक्या भिंतींनी भरून काढली. त्याच जवळचं परावर्तन देतात. हा आकार मला मनापासून आवडतो, तरी लहान संस्थेला तो सुचवणार नाही. प्रत्येक गटाचा कोन स्वतंत्रपणे तपासावा लागतो, त्यामुळे ध्वनितज्ज्ञ पहिल्या रेघेपासून सोबत हवा. आणि माणसाचा आवाज मुख्यतः पुढे जातो. गायकाच्या पाठीमागे बसलेल्यांना व्यंजनं बोथट ऐकू येतात. वाद्यवृंदाला हे चालतं, एकट्या गळ्याला नाही.

आकाराइतकाच महत्त्वाचा निनाद, म्हणजे आवाज थांबल्यावर तो खोलीत किती वेळ रेंगाळतो. याचं गणित वॉलेस सेबिन यांनी बसवलं. हार्वर्डमधल्या एका व्याख्यानगृहात बोललेलं कळत नव्हतं. १८९५ पासून त्यांनी तिथे रात्री दुसऱ्या सभागृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून मोजमापं घेतली. निष्कर्ष असा: निनाद खोलीच्या घनफळाबरोबर वाढतो आणि आवाज शोषणाऱ्या पृष्ठभागांबरोबर घटतो. बोलण्यासाठी एक सेकंदाच्या आतबाहेरचा निनाद बरा, वाद्यवृंदाला दोन सेकंदांच्या जवळपासचा हवा. दोन्ही हवं असेल तर खोली संगीतासाठी उंच बांधा आणि भाषणाच्या दिवशी भिंतींवर जाड पडदे सोडा. उलटं जमत नाही. पडद्याने निनाद कमी होतो, पण ठेंगण्या छताच्या खोलीत तो आणणार कुठून? संगीतासाठी दर खुर्चीमागे ८ ते १० घनमीटर हवा लागते, भाषणाला याच्या निम्मीही पुरते.

खुर्च्या वाढवण्याचा मोह प्रत्येक समितीला होतो. न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमधलं फिलहार्मोनिक हॉल १९६२ मध्ये उघडलं. मुळात पेटीसारखं योजलेलं हे सभागृह जादा खुर्च्यांसाठी फुगवलं गेलं आणि पहिल्या मोसमापासून त्याच्या आवाजाबद्दल तक्रारी आल्या. १९७६ मध्ये आतला भाग पाडून पुन्हा बांधला. २०२२ मध्ये ते पुन्हा नव्याने उघडलं, तेव्हा मंच पुढे आणला होता आणि खुर्च्या २,७०० च्या वरून २,२०० वर आणल्या होत्या.

त्यामुळे पाच-सहाशे लोकांच्या, माइकशिवाय गाणं ऐकायच्या सभागृहासाठी माझं मत पेटीला. रुंदी २० मीटरच्या आत, छत उंच, बाजूच्या भिंती जड आणि किंचित खडबडीत. खुर्च्या मात्र गादीच्या घ्या. रिकामी गादीची खुर्ची जवळजवळ बसलेल्या माणसाइतकाच आवाज शोषते, त्यामुळे रिकाम्या सभागृहात केलेली तालीम कार्यक्रमाच्या रात्री फसवत नाही.