भिंत, छत, खिडकीची ऊर्जासंहिता: नाशिकच्या ऑफिसने आपली माणसं कशी तयार करावीत?

आर्किटेक्टचं किंवा बिल्डरचं मध्यम आकाराचं ऑफिस असेल, तर ऊर्जासंहिता (इमारतीला ऊर्जा कमी लागावी म्हणून केलेले बांधकामाचे नियम) शिकण्याचे तीन-चार मार्ग समोर येतात: ऑनलाइन व्याख्यानं, हॉलमधली कार्यशाळा, ग्रीन बिल्डिंगची प्रमाणपत्र-परीक्षा आणि थेट साइटवरचं शिकवणं. सगळ्यांसाठी पैसा नसतो आणि माणसांना कामातून सोडवणं त्याहून अवघड असतं. माझं मत आधीच सांगतो. इमारतीच्या बाह्य आवरणापुरतं, म्हणजे भिंत, छत, खिडकीपुरतं बोलायचं तर पहिला खर्च अशा कार्यशाळेवर करा, जिथे तुमची माणसं तुमच्याच प्रकल्पाचं ड्रॉइंग घेऊन आकडेमोड करतील. दुसरा खर्च साइटवरच्या, म्हणजे गच्चीवरच्या शिकवण्यावर करा. बाकीचे मार्ग त्यानंतर.

आधी कोणती संहिता आपल्याला लागू आहे ते पाहू. व्यापारी इमारतींसाठी ईसीबीसी (एनर्जी कन्झर्व्हेशन बिल्डिंग कोड) २००७ मध्ये आली आणि २०१७ मध्ये ती सुधारली गेली; २०१७ ची आवृत्ती जोडभार (जोडलेल्या उपकरणांचा एकूण वीजभार) १०० किलोवॅट किंवा करार मागणी (वीज कंपनीशी ठरलेली कमाल मागणी) १२० केव्हीए किंवा त्याहून जास्त असलेल्या इमारतींसाठी आहे. घरांसाठी इको निवास संहितेचा आवरणाविषयीचा पहिला भाग २०१८ मध्ये आला. तो ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या निवासी इमारतींसाठी आहे. गंगापूर रोड किंवा पाथर्डी फाट्याला सोसायट्या उभ्या करणाऱ्याला दुसरी जवळची, महामार्गालगत हॉस्पिटल किंवा हॉटेल करणाऱ्याला पहिली. दोन्हींचं गणित वेगळं आहे, त्यामुळे एका दिवसात दोन्ही उरकणारा कार्यक्रम टाळावा.

ऑनलाइन व्याख्यानं स्वस्त असतात, घरबसल्या होतात, पुन्हा ऐकता येतात. यू-व्हॅल्यू (भिंत, छत किंवा काच किती उष्णता आरपार जाऊ देते) म्हणजे काय, एसएचजीसी (उन्हाच्या उष्णतेचा किती वाटा काचेतून आत येतो) म्हणजे काय, पाच हवामान विभाग कोणते, एवढं त्यातून छान कळतं. नव्याने लागलेल्या मुला-मुलींना ती जरूर दाखवा. पण ऐकून डोक्यात बसलेला आकडा सबमिशनच्या गडबडीत हाताशी येत नाही, आणि आवरणाची संहिता हा शेवटी आकड्यांचाच मामला आहे.

आता कार्यशाळा. इको निवास संहितेत भिंती आणि खिडक्यांतून आत येणारी उष्णता आरईटीव्ही या एका आकड्यात मोजतात. थंड विभाग सोडला तर हा आकडा चौरस मीटरला १५ वॅटच्या आत हवा. उदाहरणासाठी उष्ण-दमट विभागाचे गुणक घेऊ: भिंतीला ५.१५, काचेच्या यू-व्हॅल्यूला १.३१, आणि काचेतून येणाऱ्या उन्हाला ६५.२१. दिशेचा गुणक सोयीसाठी १ धरू. नऊ इंची विटेची भिंत, यू-व्हॅल्यू २.१. खिडक्या बाहेरच्या क्षेत्राच्या २० टक्के, साधी काच, एसएचजीसी ०.८, वर छज्जा नाही. बेरीज येते २०.६, म्हणजे नापास. विटेऐवजी ०.८ यू-व्हॅल्यूची एएसी (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकची भिंत घेतली तर १५.२, तरीही नापास. वीटच ठेवून नीट छज्जा आणि बाजूची फिन (उभी पट्टी) देऊन एसएचजीसी ०.५ वर आणला तर १६.७. दोन्ही केलं की ११.३.

हे गणित कुणी फळ्यावर मांडलं तर लोक मान डोलावतात. स्वतःच्या प्रकल्पावर केलं की मात्र ऑफिसात खरी चर्चा सुरू होते. ‘ब्लॉक वापरला की झालं’ हा समज तिथेच गळून पडतो, आणि एलिव्हेशन स्वच्छ दिसावं म्हणून उडवलेला छज्जा परत कागदावर येतो. भिंतीचा गुणक पाच आणि उन्हाचा पासष्ट, हे ज्याने स्वतः कॅल्क्युलेटरवर पाहिलं तो पश्चिमेच्या बेडरूमला उघडी काच देताना थांबतो. मला कार्यशाळेची सगळ्यात मोठी किंमत इथेच वसूल होताना दिसते.

दुसरा फायदा स्लायडिंग खिडकीपाशी कळतो. संहितेत उघडणाऱ्या क्षेत्राचं चटईक्षेत्राशी किमान प्रमाण ठरलेलं आहे: उष्ण-कोरड्याला १० टक्के, संमिश्रला १२.५, उष्ण-दमटला १६.६६. दोन ट्रॅकची स्लायडिंग निम्मीच उघडते, तर बिजागरीच्या खिडकीचं ९० टक्के क्षेत्र धरतात. साठ चौरस मीटरच्या फ्लॅटला १२.५ टक्क्यांनी साडेसात चौरस मीटर उघडणारं क्षेत्र लागतं. बाल्कनीचं दार धरून सगळं स्लायडिंगच दिलं, तर १५ चौरस मीटर उघाड ठेवावी लागेल. तेवढी काच वाढली की आरईटीव्ही पुन्हा वर चढतो. या दोन आकड्यांची ओढाताण हातात पेन्सिल असतानाच समजते. म्हणून ज्या कार्यशाळेत निम्म्याहून जास्त वेळ स्लाइड चालतात, ती मी व्याख्यानांतच मोजतो.

कार्यशाळेची उणीव एवढीच, की ती ड्रॉइंगपाशी थांबते. कागदावर पास झालेली इमारत साइटवर नापास होऊ शकते आणि छत हे त्याचं पहिलं ठिकाण. १५० मिमी स्लॅब आणि वर १०० मिमी विटांच्या तुकड्यांचा कोबा: यू-व्हॅल्यू २ च्या वरच राहते, आणि निवासी संहितेची कमाल मर्यादा १.२ आहे. वर २५ मिमी एक्सपीएसच्या (उष्णता अडवणाऱ्या फोमच्या) शीट आल्या की ती ०.८ च्या आसपास उतरते. व्यापारी इमारतीसाठी ईसीबीसी २०१७ मध्ये बहुतेक प्रकारांना ०.३३ लागते, म्हणजे त्याच शीटची जाडी ८० मिमीच्या घरात जाते. अशा छतात पाइपांभोवती, पॅरापेटलगत, टाकीच्या पायाखाली मिळून दहा टक्के जागा शीटविना राहिली, तर सरासरी ०.५ च्या वर जाते. केलेल्या खर्चाचा मोठा भाग त्या फटींतून वाया गेला.

फट कोण ठेवतो? शीट कापणारा गवंडी, आणि त्याच्यावर लक्ष ठेवणारा सुपरवायझर. यांना हॉलमध्ये बसवून उपयोग नाही. वॉटरप्रूफिंग झालं, पाणी साठवून चाचणी झाली, शीट गच्चीवर आल्या, त्याच सकाळी दोन तास द्या. शीटचे सांधे एका रेषेत येऊ न देता कसे घ्यायचे, वॉटरप्रूफिंगला खिळा का मारायचा नाही, स्वस्त थर्माकोल पाणी धरतं म्हणून इथे का चालत नाही, हे दाखवा. भाषा त्यांची हवी: मराठी, हिंदी, बागलाणकडचे कारागीर असतील तर अहिराणीसुद्धा. एएसी ब्लॉकच्या भिंतीलाही हेच लागू. ब्लॉकसाठीचा पातळ सांध्याचा मसाला सोडून जाड सिमेंटचा सांधा भरला, किंवा तुटक्या जागी विटा कोंबल्या, की कागदावरची ०.८ साइटवर राहत नाही. हे शिकवणं स्वस्त आहे, पण कामाच्या वेळापत्रकाशी बांधलेलं असल्याने आयोजकाची चिकाटी लागते. पावसाळ्याआधीच्या घाईत ते पुढे ढकललं की स्लॅबवर कोबा पडून गेलेला असतो.

प्रमाणपत्र-परीक्षेबद्दल थोडक्यात: ग्राहक ग्रीन रेटिंग मागत असेल तर एका माणसाने ती द्यावी. तिचा अभ्यासक्रम पाणी, कचरा, जागा असा पसरलेला असतो आणि आवरण त्यातला एक भाग. फक्त संहिता शिकण्यासाठी तो लांबचा रस्ता आहे. बाहेरचा सल्लागार नेमणं हा पर्याय एकाच मोठ्या व्यापारी प्रकल्पासाठी ठीक, पण करारात त्याला आपल्या माणसांबरोबर बसून हिशोब करायला लावणारं कलम घाला.

कोणी काय निवडावं? सोसायट्या बांधणाऱ्याने निवासी संहितेची कार्यशाळा आणि लगेच गच्चीवरचं सत्र. हॉस्पिटल-हॉटेल करणाऱ्याने व्यापारी संहितेची कार्यशाळा, आणि तीत काचेवर पुरेसा वेळ हवा. नाशिक २० अंश अक्षांशावर असल्याने ईसीबीसी २०१७ मध्ये उत्तरेच्या काचेला एसएचजीसी ०.५० पर्यंत चालतो, इतर दिशांना मात्र ०.२७ लागतो. चारही बाजूंना एकच काच मागवणाऱ्याचा इथे उगाच खर्च होतो. फक्त लहान भूखंडांवर बंगले करणाऱ्याला आज कायद्याची सक्ती नाही. त्याला ऑनलाइन व्याख्यानं आणि छताचं एक साइट-सत्र पुरे.

पैसे भरण्याआधी आयोजकाला विचारा: संहितेची कोणती आवृत्ती शिकवणार? २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर व्यापारी इमारतींसाठी २०२४ ची नवी संहिता आली आहे, तेव्हा महापालिकेत आणि महाऊर्जाकडे (राज्याच्या ऊर्जा विकास संस्थेकडे) आज काय मागितलं जातं हे त्याला ठाऊक हवं. आमचं ड्रॉइंग आणू का? नाशिकचा हवामान विभाग तुम्ही कुठल्या तक्त्यावरून धरला? काच पुरवठादाराचं चाचणी-प्रमाणपत्र कसं वाचायचं ते शिकवणार का? ड्रॉइंग आणायला नकार मिळाला, तर तो कार्यक्रम सोडा आणि तेवढे पैसे गच्चीवरच्या सत्रासाठी राखून ठेवा.